सहाव्या काकांची दाढदुखी

आमच्या धाकट्या मुलाचं, होई-पांगचं, लग्न झालं ते १९८२ साली. वर्षाचा अकरावा महिना होता. सकाळी माशांच्या तळ्यांवर धुकं बसायचं आणि उसाची तोडणी अर्ध्यावर आली होती. त्याआधी बरीच वर्षं आमच्या गावात लग्नं लागायची ती चहा, शेंगदाणे आणि मूठभर गोळ्यांवर. मोठं जेवण घालायला कुणाकडे काही नव्हतं, आणि असतं तरी वरून मनाई होती, घालता आलं नसतं. आता दिवस बदलले होते. पूर्वजांच्या देवळाच्या अंगणात टेबलं मांडून सगळ्या गावाला जेवू घालायचं, असं आमच्या घरात ठरलं.

जेवण कोण करणार हे ठरवायची गरजच नव्हती. सहावे काका करणार होते.

सहावे काका म्हणजे आमच्या यांचे चुलते. तरुणपणी ते कँटनच्या एका मोठ्या चहाघरात आचारी होते. पुढे सरकारी हुकमाने घरोघरच्या चुली बंद होऊन सगळ्या गावाचं एकच स्वयंपाकघर झालं, तेव्हा तिथे पातळ पेज ढवळायचं काम त्यांच्याकडे आलं. तेही बंद झालं, मग गावाची डुकरं सांभाळायला लागले. सुऱ्या मात्र त्यांनी विकल्या नाहीत. तेलकट फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवल्या होत्या. होई-पांग जन्मला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन म्हणाले होते, "याच्या लग्नाचा स्वयंपाक माझ्याकडे लागला." काकांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्या एका वाक्यावर माणूस इतकी वर्षं जगला, असं मी म्हटलं तर फार होणार नाही.

लग्नाची तारीख ठरली तसे त्यांनी सुऱ्या बाहेर काढल्या, दगडावर घासल्या. आणि त्याच आठवड्यात त्यांची खालची डावी दाढ दुखायला लागली.

आमच्याकडे दात दुखला की कुणी दाताकडे बघत नाही. पहिला प्रश्न असतो, काय खाल्लं? दुसरा लगेच, किती दिवस उष्णता साठवली?

"उष्णता झालीय, दुसरं काय?" आमचे हे म्हणाले. "जन्मभर चुलीपुढे उभा राहिलेला माणूस. त्याला उष्णता नाही होणार तर काय सर्दी होणार?"

"तळलेलं बंद करा, काका," थोरली सून म्हणाली.

"तळलेलं बंद केलं तर मी आचारी कसला?" काका गालावर हात धरून म्हणाले. पण बंद केलं त्यांनी. मुगाचं पाणी सुरू झालं. शेवंतीच्या फुलांचा काढा झाला. शेजारच्या चान वहिनीने तिच्या माहेरची कडू मुळं आणून दिली. बाजाराच्या दिवशी हे तिथला काळा कडू चहा बाटलीत भरून घेऊन आले. घरातला जो तो काकांपुढे वाटी धरायचा आणि काका नाक दाबून ती रिकामी करायचे. सगळं थंड, सगळं कडू.

दुखणं हटलं नाही. सकाळी जरा बरं असायचं. ऊन उतरलं की दाढ हळूहळू ठणकायला लागायची, आणि जेवायच्या वेळी काका भिंतीकडे तोंड करून बसलेले. मग आम्ही म्हणायचो, उष्णता फार जुनी आहे, काढा आणखी दाट करा.

त्यातच काकांनी एक दिवस माशाचं सूप करून बघायचं काढलं. तळ्यातला ताजा मासा तव्यावर परतायचा, त्याचा काटा न् काटा बोटांनी काढायचा आणि मग ते मांस अळंब्यांच्या आणि आल्याच्या बारीक काड्यांबरोबर शिजवायचं. लग्नाच्या जेवणात दुसरं काही चुकलं तर चालतं, हे सूप चुकलं तर गाव वर्षभर बोलतं. काकांनी सूप केलं, आम्हाला वाट्या दिल्या आणि समोर उभे राहिले.

मी पहिला घोट घेतला आणि तोंड मिटून घेतलं. थोरल्या सुनेला ठसका लागला. सूप खारट होतं, नुसतं मीठ.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"छान आहे," हे म्हणाले.

काकांनी स्वतः चमचा तोंडात घातला. बराच वेळ जिभेवर घोळवला. "मला पाण्यासारखं लागतंय," ते म्हणाले. मग सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

त्या दुपारी हे मला मागच्या अंगणात म्हणाले, "बाजारगावच्या खानावळीत एक आचारी आहे. त्याला विचारून ठेवतो. आयत्या वेळी घोळ नको."

"काकांना काय सांगाल?"

"काकांना काय सांगायचं? दाढ दुखतेय, बसा म्हणायचं."

मागे वळून बघते तर काका दारात. हातात डुकरांची बादली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बादली ठेवली, हात धुतले आणि मला म्हणाले, "सूनबाई, चल. त्या कडू बाईकडे जाऊ. एक दुप्पट दाट वाटी पिऊन टाकतो."

कडू बाई म्हणजे तिसरी आत्या. नात्याने ती कुणाचीच आत्या नव्हती, पण सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. तरुणपणी तिने देवासमोर आपले केस आपणच विंचरून अंबाडा घातला होता आणि लग्न न करण्याची शपथ घेतली होती. आमच्या भागात रेशमाच्या गिरणीत काम करणाऱ्या कितीतरी मुली तसं करायच्या. गिरणी बंद झाली तरी आत्याचा अंबाडा तसाच राहिला. औषध ती वडिलांकडून शिकली होती. खाजगी दुकानांचे परवाने पुन्हा मिळू लागले तसं तिने पुलाजवळ काढ्याचं दुकान टाकलं. एक पितळी भोपळ्यासारखा मोठा हंडा, काचेची झाकणं ठेवलेल्या वाट्या आणि मागे लाकडी कप्प्यांची भिंत. पाटीवरची अक्षरं मी लग्नाच्या त्या वर्षी, उशिरा वाचायला शिकल्यावर, पहिल्यांदा स्वतः वाचली. तोवर मला हंडा बघूनच दुकान कळायचं.

काकांचं आणि तिचं लहानपणापासून वाकडं. काका म्हणायचे, हिचा काढा प्यायला की माणसाची जीभ मरते. ती म्हणायची, याने गावाला तळलेलं खाऊ घातलं नसतं तर माझ्या बापाचं दुकान चाललंच नसतं. त्यामुळे इतके दिवस दाढ दुखत होती तरी काका पूल ओलांडून गेले नव्हते.

दुकानात दोन-तीन माणसं वाट्या घेऊन उभी होती.

"ये, बाक-साउ," आत्या काकांना नावाने हाक मारून म्हणाली. "पूल आठवला वाटतं."

"एक वाटी दे. दाट."

"कशाला?"

"दाढ दुखते. उष्णता झालीय."

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात."

"मग सगळ्यांकडून घे. माझ्याकडचा काढा तुला मिळणार नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. "अगं तिसरे, गिऱ्हाईक म्हणून आलोय!"

"म्हणूनच नाही म्हणतेय. बस तिथे. तोंड उघड."

वाटी घेऊन उभा असलेला एक जण हसला. "आत्या, दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवलंस तर दुकान कसं चालायचं?"

"तू रोज भाजलेलं बदक खातोस ना? तू आहेस तोवर चालेल. पी गुपचूप."

आत्याने काकांची जीभ पाहिली. मलाही वाकून बघायला सांगितलं. जीभ लालभडक होती, वर पांढरा थर अजिबात नाही आणि मध्ये भेगा, उन्हाळ्यात तळं उपसल्यावर चिखलाला पडतात तशा. मग तिने दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या. डोळे मिटून, बोटं कधी दाबत, कधी नुसती टेकवत. आपल्या हयातीत मी पुष्कळ जणांना नाडी बघताना पाहिलं आहे. बहुतेक जण बघता बघता बोलत असतात. आत्या नाडीवर हात ठेवला की दुकानात कोण आलं, कोण गेलं, तिला कळायचं नाही. हंड्यातून काढा उतू गेला तरी ती हलली नसती.

मग तिने चॉपस्टिकच्या टोकाने दाढ हलवून पाहिली. दाढ हलली.

"हिरडी सुजली नाही. लाल नाही. ठणका सकाळी की संध्याकाळी?"

"संध्याकाळी."

"गार पाणी घटाघटा प्यावंसं वाटतं?"

"नाही. गार लागलं की जास्त दुखतं."

"मोजे काढ."

"दाढ दुखतेय माझी!"

"कळलं. मोजे काढ."

काकांनी मोजे काढले. आत्याने तळव्याला हात लावला आणि माझा हात धरून तिथे टेकवला. पाय बर्फात ठेवलेल्या माशासारखे गार होते. वर गाल तापलेला आणि खाली असे पाय.

"आता ऐक," ती म्हणाली. "तू आचारी आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते. पातेल्यात तळाला घोटभर पाणी उरलंय आणि खाली मंद विस्तव आहे. काय होईल?"

"करपेल."

"विस्तव मोठा नाही तरी?"

"मोठा कशाला हवा? पाणीच नाही म्हटल्यावर करपणारच."

"मग काय करशील? बादली घेऊन चूल विझवशील?"

"वेडी आहेस का? पातेल्यात पाणी घालीन."

"आणि तुझ्या घरच्यांनी चुलीवर बादल्या ओतल्या. वाटीमागून वाटी. तुझी आग मोठी नव्हतीच, बाक-साउ. तुझं पाणी आटलंय. वय झालं, झोप कमी, आणि आता लग्नाची काळजी. खालची चूल गार पडत चालली, म्हणून उरलीसुरली ऊब जागा सोडून वर आली आणि दाढेत जाऊन बसली. तिला विझवायचं नाही. तिला घरी परत आणायचं."

काकांनी स्वतःच आपल्या तळव्याला हात लावून पाहिला. त्यांच्या आयुष्यात इतक्या सरळपणे त्यांना कुणी काही समजावलं असेल असं मला वाटत नाही.

"दाढ वाचेल?" मी विचारलं.

"नाही. दाढ गेलेली आहे, तिचं मूळ सुटलंय. माझ्याकडे त्यावर औषध नाही. लग्न झालं की इस्पितळात जाऊन काढून टाका. आत्ता काढली तर तोंडात कापूस धरून हा मीठ काय चाखणार?" मग काकांकडे वळून तिने विचारलं, "जिभेची चव गेलीय ना?"

काकांनी खाली बघूनच मान हलवली. ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

तिने कप्पे उघडले. काळं, चिकट, पुन्हा पुन्हा वाफवलेलं एक मूळ. बैलाच्या गुडघ्यासारख्या गाठी असलेल्या काड्या, त्या म्हणे औषधाला खाली ओढून नेतात. आणि सगळ्यांत शेवटी दालचिनीचा नखाएवढा तुकडा.

"दालचिनी?" मी म्हणाले. "ती तर उष्ण!"

"पाहुण्याला घरी न्यायचं तर घरात दिवा नको लावायला?"

एका पुडीत तिने तिखट वासाची पूड दिली. ती व्हिनेगरमध्ये कालवून निजताना तळव्यांना बांधायची. काका बाहेर पडताना पुटपुटले, "दाढ तोंडात आणि औषध तळपायाला. उद्या पोट दुखलं तर ही माझ्या टोपीला लेप लावेल."

"ऐकलं मी!" आतून आवाज आला.

घरी मुगाचं पातेलं मी मागीलदारी रिकामं केलं. ह्यांचा विश्वास बसला नाही, पण काकांचा बसला होता, आणि पिणारे तेच होते. आत्याने पेजही सांगितली होती. भाताची पेज, त्यात सुकी कालवं आणि खारवलेलं बदकाचं अंडं. ती काकांनी स्वतः केली. दुसऱ्या दिवशी आत्या पुलावरून बघायला आली, पळीने पेज वर उचलून परत सोडली.

"दाणा दिसतोय अजून. आणखी शिजव."

"पेज मी तुझ्याकडून शिकू आता?"

"पेज नको. गप्प बसायला शीक."

दुखणं हळूहळू उतरत गेलं. संध्याकाळचा ठणका कमी झाला. काका झोपायला लागले, चेहऱ्यावर आलेली राखेसारखी कळा गेली. जिभेचं मात्र काही सांगता येत नव्हतं. सकाळी त्यांना आलं-मीठ सगळं नीट कळायचं. चुलीपुढे बराच वेळ उभं राहिलं की गाल तापायचा आणि चव पुन्हा नाहीशी व्हायची. म्हणून ह्यांनी बाजारगावच्या आचाऱ्याला नाही म्हणून सांगितलं नव्हतं. सायकल दाराशी उभी ठेवली होती. निरोप गेला की तो येणार होता. काकांनाही ते माहीत होतं. सायकलच्या बाजूने जाताना ते तिकडे बघायचे नाहीत.

लग्नाच्या दिवशी देवळाच्या अंगणात विटांच्या चुली मांडल्या होत्या. काका पहाटेपासून उभे. कोंबड्या झाल्या, डुकराचं मांस मंद आचेवर लागलं. मासे परतून झाले आणि बायका काटे काढायला बसल्या. दुपार कलली तसा मी काकांचा डावा हात पाहिला. तो गालावर गेला, खाली आला, पुन्हा गेला. ह्यांनीही पाहिलं. हे उठले आणि अंगणाच्या कडेला आणून ठेवलेल्या सायकलीकडे निघाले.

तेवढ्यात तिसरी आत्या आली. ठेवणीतली काळी रेशमी विजार, अंबाड्याला ताजं तेल, हातात नवरीसाठी लाल कागदात बांधलेली भेट. तिने काकांकडे एकदा पाहिलं आणि भेट माझ्या हातात कोंबली.

"लाकडी घंगाळ आण. सोसेल तेवढं ऊन पाणी. आल्याचा मोठा तुकडा ठेचून घाल."

"आत्या, आज?"

"आज नाही तर कधी?"

मी घंगाळ आणलं. आत्याने ते चुलीपासून हातभर लांब ठेवलं, एक बुटकं स्टूल ओढलं आणि काकांना म्हणाली, "बस. पाय आत."

"सगळ्या गावासमोर?"

"गावाने तुझे पाय पाहिलेत. डुकरांमागे तू अनवाणीच धावायचास."

"तिसरे, आज माझी पंगत आहे."

"म्हणूनच सांगतेय. उभा राहिलास तर सगळं वर चढेल. बसून हुकूम सोड. तोंड चालतंय ना?"

काका सायकलीकडे बघत होते. ह्यांचा हात हँडलवर होता. मग काकांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि ते बसले.

असा आचारी आमच्या गावाने त्याआधी पाहिला नव्हता. डोक्यावर पांढरी टोपी, हातात लांब पळी, पाय घंगाळात. बसल्या जागेवरून पळीने ते दिशा दाखवत होते. "ती आच कमी कर. अळंबी आता नको, थांब. कांद्याची पात कोणी एवढी जाड चिरली? तुझ्या आईने शिकवलं का?" पाहुणे बघायला गोळा झाले.

"काका, आज पायांचं सूप आहे की काय?"

"आहे ना. पहिली वाटी तुला."

मी गरम पाणी वरून घालत राहिले. पाय आधी पांढरे होते, मग गुलाबी झाले. काकांच्या कपाळावर बारीक घाम आला. गालावरचा हात खाली गेला तो परत वर आला नाही. आत्या शेजारी उकिडवी बसून अधूनमधून त्यांच्या घोट्याला बोटं लावत होती.

सूप तयार झालं. काकांनी कोमट पाण्याने तोंड खळखळून धुतलं, थोडं थांबले आणि चमचाभर सूप तोंडात घेतलं. डोळे मिटले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "अर्धा डाव घाला. आणि आल्याचा रस, अगदी थोडा."

कोणीच हललं नाही. मागल्या वेळी त्यांना सूप पाण्यासारखं लागलं होतं, ते आम्हा सगळ्यांना आठवत होतं. एवढं मोठं पातेलं, एवढी टेबलं. एकदा मीठ पडलं की परत काढता येत नाही.

हे आत्याला म्हणाले, "आत्या, तू चाखून बघ. तू सांग."

"माझी जीभ कडू काढ्यात मुरलीय. मिठाचं मी सांगणार नाही. ते त्याचं काम आहे." तिने पुन्हा एकदा काकांच्या तळव्याखाली हात घातला. "पायांचं सांगते. पाय गरम आहेत. घाल मीठ."

मी घातलं. ढवळलं. सूप टेबलांवर गेलं.

आमच्याकडे जेवण चांगलं झालं तर लोक बोलत नाहीत. अंगणात एकदम शांत झालं, नुसता वाट्यांना चमचे लागल्याचा आवाज. नवरीकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, जिल्ह्यातली जुनी जेवणं जेवलेले. त्यांनी वाटी संपवली आणि न बोलता पुढे केली. ह्यांनी उभ्याउभ्याच एक वाटी रिकामी केली, सायकल उचलून भिंतीमागे नेऊन ठेवली आणि आल्यावर काकांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

काकांनी घंगाळातून पाय काढले नाहीत. पळीने एक वाटी भरून ती आत्यासमोर धरली.

"कशी झालीय?"

आत्या पूर्ण वाटी प्यायली. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "लिन, अजून असेल तर वाढ."

नव्या वर्षानंतर मी काकांना इस्पितळात घेऊन गेले आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी ती दाढ काढली. त्यानंतर गावातली बरीच लग्नं काकांनीच केली. हिवाळ्यातल्या लग्नात त्यांच्या चुलीजवळ घंगाळ मांडायचं हे सगळ्यांना ठाऊक झालं. त्याला कुणी हसायचं नाही. आत्या बोलावलेली असो वा नसो, यायची आणि काकांशी भांडायची.

सहावे काका, लाय बाक-साउ, १९९० साली वसंतात, कबरी झाडण्याच्या सणानंतर थोड्याच दिवसांत वारले. तिसरी आत्या, म्याक युन-सिम, १९९३ च्या हिवाळ्यात, दुकान बंद करून घरी आल्यावर, खुर्चीत बसलेली असताना गेली. तिला मूलबाळ नव्हतं. मुलाने आईसाठी डोक्याला बांधायचं ते सुतकाचं पांढरं फडकं तिच्यासाठी आमच्या होई-पांगने बांधलं.